पॉवर कॉर्ड खुशाल विका, पण लोकांचं अर्थिंग तोडून नको

पुण्या-मुंबईतले हाय-फाय ऑडिओचे दुकानदार आणि ऑडिओचे रिव्ह्यू करणारी मराठी मंडळी, सगळ्यांना नमस्कार.

मी पुण्यात अँप्लिफायर दुरुस्त करतो, २३ वर्षं झाली. तापकीर गल्लीतून पार्ट आणायचे आणि गाळ्यात बसून सोल्डर करायचं, एवढंच माझं काम. तुमच्याशी माझं भांडण नाही, तुमच्यातल्या कित्येकांनी गिऱ्हाईकं माझ्याकडे पाठवलीयत आणि मीही लोकांना तुमच्याकडे पाठवलंय. पण गेल्या महिन्यात एका घरी जे बघितलं ते गप्प बसून गिळण्यासारखं नाहीये, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. दुकानाचं नाव लिहिणार नाही, कारण हा प्रकार एकाच दुकानाचा नाही.

माझे एक जुने गिऱ्हाईक आहेत, वय ७४, बँकेतून रिटायर झालेले. घरात चारशेच्या वर एलपी आहेत, भीमसेनजी, किशोरीताई, माणिक वर्मा, सगळं जपून प्लास्टिकच्या कव्हरात ठेवलेलं. त्यांनी हौसेने नवीन अँप घेतला, ५० वॅटचा, फोनो इनपुटवाला, म्हणजे टर्नटेबल थेट जोडता येईल असा. सीडी लावली की मस्त वाजायचा पण एलपी लावली की मागे सतत घूंऽऽ असा आवाज. त्यांनी दुकानात फोन केला तर तिकडून सांगितलं की काका, अँपसोबत जी फुकट पॉवर कॉर्ड, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटपासून अँपपर्यंतची वायर, येते ती कामाचीच नसते, सगळी घाण तिच्यातूनच येते, ही आमची इम्पोर्टेड लावा. किंमत ३८,५०० रुपये. काकांनी एफडी मॅच्युअर झाली होती त्यातून दिले. आवाज गेला नाही. मग सांगितलं बर्न-इन, म्हणजे कॉर्ड वाजून वाजून मुरायला, २०० तास लागतात, तर काकांनी दहा दिवस अँप बंदच केला नाही. तरी आवाज तसाच. मग सांगितलं, आता पॉवर कंडिशनर, म्हणजे मेनची लाइट साफ करणारा डबा, लागेल, ६५ हजार.

तो घ्यायच्या आधी काकूंनी एक दिवस फरशी पुसली आणि ओल्या पायांनीच अँपवरची धूळ पुसायला गेल्या, तेव्हा हाताला झिणझिण्या आल्या म्हणून त्यांनी हात झटकला. तेव्हा कुठे मला फोन आला.

शनिवारी सकाळी गेलो. ती कॉर्ड अंगठ्याएवढी जाड, वरून निळ्या-काळ्या दोऱ्याची वेणी, दिसायला खरंच देखणी. पण तिचा प्लग जर्मन पद्धतीचा, दोन गोल पिना आणि अर्थिंगच्या पट्ट्या प्लगच्या कडेला. आपल्या भिंतीतलं सॉकेट थ्री पिन. मग दुकानाच्या माणसाने मधे काय लावलं होतं, तर पन्नास-साठ रुपयांना मिळतो तो पांढरा युनिव्हर्सल अॅडॉप्टर. कॉर्ड एवढी जड की अॅडॉप्टर सॉकेटमधून खाली लोंबकळत होता, एक बोट लावलं तर हलत होता.

मल्टीमीटरची एक पिन अँपच्या बॉडीच्या स्क्रूला लावली, दुसरी शेजारच्या सॉकेटच्या अर्थिंगच्या भोकात. ९४ व्होल्ट.

काकांना वाटलं मीटर बिघडलाय. मग माळ्यावरून अँपचा खोका काढायला लावला, त्यात ती फुकटातली काळी कॉर्ड होती, अजून त्याच तारेने गुंडाळलेली. तिला आपल्याकडचा साधा थ्री पिन मोल्डेड प्लग. ती लावली आणि परत मोजलं. ०.२ व्होल्ट.

हे कशाने झालं ते नीट सांगतो, कारण सेल्सवर उभ्या असलेल्या बऱ्याच मुलांना हे माहीत नसतं आणि त्यात त्यांची चूक नाही, त्यांना कोणी शिकवलेलंच नाहीये. जर्मन प्लगचं अर्थिंग कडेच्या पट्ट्यांमधून जोडलं जातं आणि युनिव्हर्सल अॅडॉप्टरला त्या पट्ट्यांना टेकणारं काही नसतंच, म्हणजे फेज आणि न्यूट्रल जोडले जातात आणि अर्थिंग हवेत राहतं. अँपच्या आत मेनच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यात एक छोटा कपॅसिटर फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थिंग असलं की जी थोडीशी गळती होते ती तिकडून निघून जाते. अर्थिंग नसलं की बॉडी मधेच तरंगते, २३० च्या साधारण निम्म्यावर. तेवढ्याने माणूस दगावत नाही कारण करंट फार कमी असतो, झिणझिण्या येतात. पण उद्या आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं किंवा फेजची वायर सुटून बॉडीला टेकली तर? अर्थिंग असतं तर तिथल्या तिथे फ्यूज उडाला असता. अर्थिंग नाही म्हणजे पूर्ण २३० व्होल्ट बॉडीवर आणि अँप आपला शांतपणे वाजतोय. त्या बिल्डिंगमध्ये आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच, नाहीये, जुनं बांधकाम आहे.

म्हणजे ३८,५०० रुपये घेऊन तुमच्यातल्या एकाने ७४ वर्षांच्या माणसाच्या घरातलं चालू अर्थिंग काढून टाकलं. माझा सगळ्यात मोठा राग ह्यावर आहे, आवाजाचा वाद त्याच्यानंतर येतो.

आणि ती घूंऽऽ? टर्नटेबलमधून एक बारीक हिरवी वायर येते, तिच्या टोकाला यू आकाराचा लग असतो, तो अँपच्या मागे जीएनडी लिहिलेल्या स्क्रूखाली आवळायचा असतो. तो स्क्रूखाली गेलाच नव्हता, मागे नुसता टेकला होता आणि काळा पडला होता. वर फिटिंग करणाऱ्याने टापटीप दिसावं म्हणून टर्नटेबलकडून येणाऱ्या फोनोच्या वायरी आणि पॉवर कॉर्ड एकत्र झिप टायने बांधलेल्या. टर्नटेबलच्या सुईच्या कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो, त्याच्याशेजारी २३० व्होल्टची वायर मीटरभर चिकटून चाललीये, मग घूं नाही येणार तर काय येणार. झिप टाय कापला, लग पॉलिश पेपरने घासला, स्क्रू आवळला, वायरी लांब केल्या. स्पीकरच्या जाळीला कान लावल्याशिवाय काही ऐकू येईना. पंधरा मिनिटांचं काम. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा एलपी लागली होती आणि काका काही न बोलता नुसते बसले होते.

आता आवाजाबद्दल. तुम्ही म्हणता जाड कॉर्डने बास भरतो, स्टेज रुंद होतं म्हणजे वाद्यं पसरून ऐकू येतात, पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतं. अँपच्या आत काय होतं ते बघू. मेनचा करंट स्पीकरपर्यंत जातच नाही. तो ट्रान्सफॉर्मरमधून जातो, मग एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर, मग ते डब्यासारखे मोठे कपॅसिटर, आणि गाणं वाजतं ते त्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या डीसीवर. गच्चीवरच्या टाकीसारखं आहे, नळाला धार किती ते टाकीतल्या पाण्यावर, कॉर्पोरेशनचा पाइप टाकी भरण्यापुरता. ५० हर्ट्झला हे कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरले जातात आणि वर राहिलेली लहर सर्किट स्वतः दाबतं.

तरी मान्य, पाइप फारच बारीक असेल तर टाकी भरायला त्रास होतो. मग किती बारीक ते मोजू या. फुकटातली कॉर्ड म्हणजे पाऊण एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटरची, पुढेही तसंच) तांब्याची वायर, दीड मीटर, जाता-येता मिळून रेझिस्टन्स साधारण ०.०८ ओहम. काकांचा अँप जोरात वाजवला तरी मेनमधून एक-सव्वा अँपिअर ओढतो. कपॅसिटर भरताना करंट झटक्याझटक्याने जातो म्हणून क्षणभर ५ अँपिअर धरू. तर कॉर्डमध्ये पडले ०.४ व्होल्ट, आणि मेनचं शिखर असतं ३२५ व्होल्टवर. म्हणजे हजारात सव्वा भाग. तुमची जाड कॉर्ड लावून हा सव्वा भाग पूर्ण वाचला असं धरलं तरी तो किती नगण्य आहे बघा, त्या दिवशी मी तिथे बसलो असताना सोसायटीचा पंप चालू झाला आणि २३३ चे २२८ झाले. पाच व्होल्ट गेले, एलपी चालू होती, आवाजात काही झालं नाही. आणि कॉर्डच्या मागे भिंतीत मेन बोर्डापासून हॉलपर्यंत बारा मीटर दीड एमएमची वायर आहे, तिचाच रेझिस्टन्स ०.२९ ओहम. तो तुमच्या कॉर्डने कमी होत नाही.

ह्यावर तुमचं उत्तर मला पाठ आहे, की अँपच्या बाजूने बघितलं तर कॉर्ड हा शेवटचा नाही, पहिला दीड मीटर आहे. पण ५० हर्ट्झच्या करंटला पहिलं-शेवटचं काही नसतं, सगळे रेझिस्टन्स एका माळेत आहेत, त्यांची बेरीज होते आणि बेरजेत क्रम बदलला म्हणून उत्तर बदलत नाही. रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या बाबतीत कॉर्डचं शिल्डिंग, म्हणजे वायरीभोवतीची धातूची जाळी, थोडंफार कामाला येऊ शकतं, हे मी मानतो, शेजारून फोनोची वायर जात असेल तर शिल्ड असलेली कॉर्ड बरी. पण ते काम वायर वीतभर लांब केली तरी होतं. आणि चांदीचं म्हणाल तर चांदी तांब्यापेक्षा फक्त सहाएक टक्के चांगली वाहक आहे, तेवढा फरक तांब्याची वायर किंचित जाड घेतली की भरून निघतो. स्किन इफेक्टचंही तसंच, म्हणजे करंट वायरीच्या वरच्या थरातूनच वाहतो ते, ५० हर्ट्झला तांब्यात त्या थराची खोली ९ मिलिमीटरच्या वर जाते, तुमच्या कॉर्डमधली वायर आख्खी मिळून तेवढी जाड नाहीये. ब्रोशरमध्ये तो शब्द छापण्याचं कारणच मला समजत नाही.

मी नुसतं कागदावर बोलत नाहीये. काकांचा अँप आणि दोन्ही कॉर्ड गाळ्यात आणल्या, अर्थिंगच्या पट्ट्या असलेला बरोबर अॅडॉप्टर मिळवला म्हणजे दोघींना सारखी संधी, स्पीकरऐवजी आठ ओहमचा डमी लोड लावला, २० वॅटवर १ किलोहर्ट्झचा टोन दिला आणि कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रम काढला, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचा आलेख. ५० हर्ट्झची रेघ, १०० हर्ट्झची रेघ, डिस्टॉर्शनच्या रेघा, सगळं बघितलं. एकच कॉर्ड दोनदा मोजली तर जेवढा इकडेतिकडे फरक येतो, दोन कॉर्डमध्ये त्याहून जास्त आला नाही.

ज्यांना फरक ऐकू येतो त्यांना मी खोटं म्हणत नाही, हे मनापासून लिहितोय. मलाही आला होता. बरीच वर्षं झाली, मी स्वतः अडीच एमएमची वायर आणि भारी प्लग घेऊन कॉर्ड बनवली आणि पंधरा दिवस मला तबल्याचा बायाँ जास्त भरीव लागायचा, मी लोकांना बोलावून ऐकवलं. मग एका मित्राने मधे चादर धरली, नाणं उडवून कॉर्ड बदलत गेला आणि मी सांगत गेलो. १६ पैकी ९ बरोबर. नुसतं अंदाजाने ८ येतात. योगायोग नाही असं म्हणायला निदान १२ तरी यायला लागतात. कान तेच, खोली तीच, फक्त कुठली कॉर्ड लावलीय ते माहीत नव्हतं. २००४ मध्ये अमेरिकेत अशीच चाचणी झाली होती, ऐकणारे सगळे ह्याच नादातले, एका बाजूला अडीच हजार डॉलरची कॉर्ड आणि दुसऱ्या बाजूला साधी. १४९ उत्तरांपैकी ७३ बरोबर आली, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

कॉर्डने कधीच काही फरक पडत नाही असं मात्र माझं म्हणणं नाही, आणि कोणी तसं म्हणत असेल तर तेही चूक आहे. मी शिकलो ते गणपतीच्या मांडवात, एका साउंडवाल्याच्या हाताखाली. तिथे लाइट मिळायची पन्नास मीटर लांबून. दीड एमएमची वायर पन्नास मीटर टाकली की जाता-येता १.३ ओहम, १० अँपिअर ओढले की १३ व्होल्ट तिथेच गेले, ढोलाचा ठोका आला की अँपची लाल लाइट लागायची. ओस्ताद हात लावून वायर बघायचे, गरम आहे का, आणि रीळ पूर्ण उलगडायला लावायचे, कारण गुंडाळलेली वायर लोडवर तापते आणि इन्सुलेशन वितळतं. तिथे वायर बदलली की खरंच फरक पडायचा, सगळ्या मांडवाला ऐकू यायचा, आणि त्यासाठी फक्त चार किंवा सहा एमएमची साधी वायर लागायची. घरातही ढिला प्लग असेल, आतून पितळ पसरलेलं सॉकेट असेल, किंवा कॉम्प्युटर मार्केटमधली ती स्वस्त कॉर्ड असेल जिच्यात तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या चार तारा निघतात, तर कॉर्ड जरूर बदला. सतत जास्त करंट ओढणारे मोठे क्लास ए अँप असतील तर दीड किंवा अडीच एमएमची कॉर्ड लावा. हे सगळं हजाराच्या आतबाहेर होतं.

रिव्ह्यू करणाऱ्यांना थोडं वेगळं सांगायचंय. तुमच्या शब्दावर लोक पैसे खर्च करतात, आणि मराठीत ह्या विषयावर बोलणारे मोजकेच, त्यामुळे तुमचं वजन जास्त आहे. कॉर्ड दुकानाने दिली होती का, परत केली का, बदलताना तुम्हाला दिसत होतं का, दोन्ही वेळी आवाजाची पातळी मोजून सारखी केली होती का, ह्यातलं काहीही न सांगता "जमीन-अस्मानाचा फरक" म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. काकांनी मला तुमच्यातल्याच एकाचा व्हिडिओ दाखवला, त्यांचा दुकानदारापेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास होता.

तर माझ्या मागण्या अशा आहेत, सगळ्या करता येण्यासारख्या आहेत.

भारतात विकायची प्रत्येक कॉर्ड आपल्या थ्री पिन प्लगची असावी, आयएसआय मार्कवाली. जर्मन किंवा अमेरिकन प्लग लावून वर युनिव्हर्सल अॅडॉप्टर देणं आजपासून बंद करा. अमेरिकन प्लगवर तर १२५ व्होल्ट असं छापलेलंच असतं, तो तुम्ही २३० च्या भिंतीत कुठल्या हिशोबाने लावता? आधी ज्या कॉर्ड अशा विकल्यात त्या गिऱ्हाइकांना स्वतःहून फोन करा आणि प्लग फुकट बदलून द्या. हे सगळ्यात आधी करा, बाकीचं नंतर झालं तरी चालेल.

घरी फिटिंगला जाणाऱ्या मुलाच्या हातात मल्टीमीटर द्या. फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ, आणि अँपची बॉडी ते अर्थ, चार आकडे बिलाच्या मागे लिहून द्यायचे. दोन मिनिटं लागतात. घूं येते म्हणून कोणी फोन केला तर कॉर्ड विकायच्या आधी जीएनडीचा स्क्रू बघायला सांगा. घूं येते म्हणून थ्री पिनची अर्थिंगची पिन काढा असं कोणालाही, कधीही सांगू नका, हेही मी दोन घरांत बघितलंय.

आवाज सुधारतो म्हणून कॉर्ड विकत असाल तर दुकानातच पडदा लावा. गिऱ्हाइकाला १६ वेळा ऐकवा, १२ बरोबर आले तर त्याने खुशीने घ्यावी, मी स्वतः येऊन त्याचं अभिनंदन करीन. नाही आले तर विकू नका. देखणी आहे, टिकाऊ आहे, प्लग घट्ट बसतो, म्हणून विकायची असेल तर तसं सांगून विका, चांगली वस्तू हौसेने घेण्यात काहीच वाईट नाही. आणि घरी नेल्यावर निदान पंधरा दिवसांत पूर्ण पैसे परत, बर्न-इनचं कारण न सांगता.

कंपनीची कॉर्ड लावली तर वॉरंटीत अडचण येईल असं तोंडी सांगणं थांबवा, ती कॉर्ड अँपच्या खोक्यात कंपनीनेच दिलेली असते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे आणि ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, हे मी काकांना सांगितलंय. ते म्हणाले, आधी त्यांना नीट बोलून बघू, पोरगा चांगला बोलला होता माझ्याशी. म्हणून हे पत्र.

ती कॉर्ड सध्या माझ्या गाळ्यात आहे, बिल, खोका आणि तो पांढरा अॅडॉप्टर सगळं एका पिशवीत. ज्यांनी विकलीय त्यांना कळेलच. सोमवार सोडून कधीही या, सकाळी अकरा ते रात्री आठ, काकांचे ३८,५०० रुपये घेऊन. आणि त्याआधी, ज्यांना ज्यांना अशी कॉर्ड अॅडॉप्टर लावून दिलीय त्यांची यादी काढून आजच फोनला लागा.

– एक अँप्लिफायर दुरुस्त करणारा, पुणे